नालेचा आवाज

तुरुंगात मोबाइल कुठून येतो, हे मला विचारा. भाकरीतून येतो, साबणाच्या वडीतून येतो, चपलेच्या तळातून येतो, भिंतीवरून फेकलेल्या चेंडूतून येतो, आणि माणसाच्या शरीरातल्या ज्या जागेचं नाव चारचौघांत घेत नाहीत तिथूनही येतो. मी रंगनाथ, कारागृहात सुभेदार. अठ्ठावीस वर्षं मी झडत्या घेतल्या. बाकीच्यांचे हात शोधतात, सुभेदारांच्या हातांना आधीच कळतं, असं आमचे शिपाई म्हणायचे. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो, म्हणजे नीट ऐकायचो.

ही गोष्ट २००८ सालची. पुण्याच्या कडेची गावं महापालिकेत आली होती आणि त्यांच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. आत पोरं थंड हवेत बसून अमेरिकेशी बोलायची. बाहेर जमिनीला सोन्याचा भाव आला होता, आणि सोन्यामागोमाग कोयता आलाच.

हिंदुराव त्याच मोसमातलं पीक. आधी जमिनीचा दलाल, नंतर दलालांचा दादा. गेनबा नावाच्या म्हाताऱ्याने त्याला जमीन द्यायला नकार दिला, तेव्हा मोजणीच्या दिवशी हिंदुरावने गेनबाच्या एकुलत्या एका मुलाला बांधावर सगळ्यांदेखत तोडलं. चौदा माणसं हजर होती. त्यातल्या बारा जणांनी पोलिसांना सांगितलं की त्या वेळी त्यांची पाठ होती. तेरावा गाव सोडून गेला. उरला फक्त गेनबा, आणि त्याची कोर्टात साक्ष लागली होती चार जुलैला.

साक्षीच्या पंधरा दिवस आधी तो आणि त्याची बायको सोजरबाई आमच्या फाटकावर आले. सकाळचे दहा वाजले असतील. गेनबा फाटकाच्या गजांकडे बघत उभा. सोजरबाईने तळहात माझ्यासमोर धरला. त्यावर पेनाने एक फोन नंबर लिहिलेला होता.

"हिंदुराव तुमच्या हितं बंद हाय ना?" तिने विचारलं.

मी म्हणालो, आहे.

"मग त्यो माझ्या चुलीम्होरं कसा बोलतोय?"

काल संध्याकाळी गेनबाच्या फोनवर हिंदुराव दहा मिनिटं बोलला होता. मुलाला कुठे कुठे घाव घातले ते त्याने बापाला क्रमाने सांगितलं होतं, आणि साक्षीला गेलास तर तुलाही तेवढेच बसतील म्हणाला होता. मला लाज वाटली. अठ्ठावीस वर्षांत एवढी कधी वाटली नव्हती. मी त्या दोघांना फाटकाजवळच्या बाकावर बसवलं, बद्रीनाथ नावाचा परभणीकडचा माझा भरवशाचा शिपाई आणि आणखी चौघे बरोबर घेतले आणि बराकीत शिरलो.

हिंदुराव चार कांबळ्यांची गादी करून बसला होता. त्याची माणसं भोवती. मी काही विचारलं नाही. कांबळी फाडली, ताटं उलटी केली, भिंतीतले खिळे उपटले. मग कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलली आणि हातांना कळलं. पाणी सांडूनही ती जड होती. तिला दुसरा तळ बसवला होता. मी तो लाथेने फोडला तसा फोन बाहेर पडला, आणि त्याच क्षणी हिंदुरावचा एक माणूस घासून धारदार केलेला चमचा घेऊन माझ्या अंगावर आला. त्याने माझा कान फाडला. रक्त थेट मानेवरून शर्टात गेलं. पुढची पाच मिनिटं तिथे फक्त लाठ्यांचा आणि हाडांचा आवाज होता. बद्रीनाथने एकाचा गुडघा मोडला. मी हिंदुरावला जमिनीवर पाडलं आणि फोनकडे सरकणारा त्याचा उजवा हात बुटाखाली घेतला. नंतर टाच फिरवली. दोन बोटं मोडल्याचं मला पायात कळलं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. हिंदुराव मात्र ओरडला नाही. तो माझ्या तोंडाकडेही बघत नव्हता. तो माझ्या बुटाकडे बघत होता.

त्या दिवशी साहेबांनी, म्हणजे आमच्या अधीक्षकांनी, हिंदुरावला वेगळ्या कोठडीत टाकलं आणि त्याच्या भेटी बंद केल्या. वकील आला तरी मध्ये काच आणि शेजारी आमचा माणूस. हे महत्त्वाचं होतं, कारण त्याच्या टोळीचा एक नियम आम्हाला ठाऊक होता. मागे कुणीतरी त्याच्या नावाने खोटा निरोप देऊन त्याच्याच माणसाला मारायला लावलं होतं. तेव्हापासून हिंदुरावचा आवाज कानाने ऐकल्याशिवाय त्याची पोरं कुणावर हात टाकत नसत. चिठ्ठी नाही, निरोप नाही, फक्त आवाज. म्हणजे फोन आत आला नाही तर गेनबा जगणार होता. हिशोब इतका सोपा होता.

मी कानाला टाके घालून, पट्टी बांधून बाकापाशी गेलो. दोघं अजून बसलेली. मी सांगितलं, की साक्ष होईपर्यंत आतून एक शब्द बाहेर जाणार नाही. गेनबाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. सोजरबाईने विचारलं, "आन गेला तर?"

"गेला तर मला जोड्याने मारा," मी म्हणालो.

आपल्याकडे हे माणूस सहज बोलून जातो. मीही सहजच बोललो.

फोन अडवायला सरकारने आम्हाला जॅमर दिला होता, हेही सांगतो, नाहीतर तुम्ही विचाराल. तो बसवला तेव्हा आसपासच्या नव्या सोसायट्यांतल्या लोकांचे कॉल तुटायला लागले. अर्ज आले, इंग्रजीत आणि फार नम्र. कुणाची रात्रीची मीटिंग बुडत होती, कुणाचा क्लायंट रागावत होता. मग जॅमरचा जोर इतका कमी केला, की त्याने आता फक्त आमच्या ऑफिसातला रेडिओ खरखरायचा. त्यामुळे उरले माझे हात.

त्या दिवसांत मी कुणालाच सोडलं नाही. दुधाच्या कॅनमध्ये कोपरापर्यंत हात घातला. पिठाची पोती सळईने टोचली. डॉक्टरांची बॅग उलटी केली, तेव्हा ते म्हणाले, सुभेदार, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. मी त्यांना म्हणालो, विश्रांतवाडीतच राहतो. कुंपणच शेत खातं हे मला माहीत होतं, म्हणून मी कुंपणाचीही झडती सुरू केली. वर्दीतल्या माणसाने वर्दीतल्याच्या अंगाला हात लावायचा नाही, ही आमची जुनी रीत. ती मी मोडली. शिपायांचे डबे उघडले, टोप्या चाचपल्या. दोघांनी माझ्याशी बोलणं टाकलं. बद्रीनाथने मात्र स्वतःहून खिसे उलटे केले आणि विचारलं, की सुभेदारसाहेब, तुमची झडती कोण घेणार?

"तू घे," मी म्हणालो आणि हात वर केले.

त्याने घेतली. नीट घेतली, खांद्यापासून घोट्यापर्यंत. तिथे थांबला. मग मी धातू शोधणाऱ्या चौकटीतून पुढे गेलो, चौकट वाजली, मी म्हणालो, "नाल," आणि आत गेलो.

हे नालेचं सांगायला हवं. आमच्या बुटांच्या टाचेला लोखंडी नाल असते. चौकट आली त्या दिवसापासून ती आमच्यातल्या प्रत्येकाला वाजते. पहिले चार दिवस सगळ्यांनी बूट काढले, पाचव्या दिवशी कंटाळले. मग ठरून गेलं, की चौकट वाजली की माणसाने "नाल" म्हणायचं आणि पुढे जायचं. दिवसातून शंभर वेळा फाटकात हा शब्द ऐकू यायचा. कैद्यांच्या चपला मी चिरून बघायचो. स्वतःचे बूट मला कधी दिसलेच नाहीत, आणि पायांतले बूट कुणाला दिसतात?

बूट माझे खडकी बाजारातले, लष्करी घडणीचे. त्यांचा मला गर्व होता. मी येतोय हे बराकीला नालेच्या आवाजाने दोन भिंती आधी कळायचं. दर महिन्याच्या एक तारखेला विश्रांतवाडीच्या कोपऱ्यावरच्या कचरूकडून मी टाच नीट करून घ्यायचो आणि नाल बदलायचो. नऊ वर्षांत एक तारीख चुकली नव्हती. हे सगळ्या कारागृहाला माहीत होतं, कारण ते मीच सगळ्यांना सांगायचो.

बूट चमकवायचं काम दशरथकडे होतं. दशरथ जन्मठेपेचा कैदी, तेरा वर्षं काढलेला, शांत. दुपारी आम्ही गार्डरूममध्ये जमिनीवर जेवायला बसायचो तेव्हा बूट दाराबाहेर काढायचो, आणि जेवण होईपर्यंत तो ते पॉलिश करून ठेवायचा. मग कोठड्यांमध्ये कैद्यांची ताटं पोचवायचा. एकोणतीस जूनला त्याच्या डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं दिसलं. मी विचारलं तर म्हणाला, मुदपाकखान्यात डाळ सांडली. मी फडकं सोडून पाहिलं. मनगटापर्यंत कातडी सुटली होती. सांडलेली डाळ इतकी सरळ रेघ मारून थांबत नाही. हे माझ्या लक्षात आलं, आणि तरी मी त्याला दवाखान्यातून मलम आणून दिलं आणि विषय संपवला. माझं सगळं लक्ष फाटकाकडे होतं.

एक तारखेला, मंगळवारी सकाळी, मी कचरूकडे थांबलो. तो एरवी फार बोलतो. त्या दिवशी म्हणाला, टाच पार झिजली आहे, दोन्ही नव्या बसवतो, वेळ लागेल. मी त्याच्या स्टुलावर बसून पेपर वाचला. तो माझ्याकडे पाठ करून काम करत होता, आणि मला घाई होती. बूट चढवून मी कारागृहात गेलो. चौकट वाजली. मी म्हणालो, "नाल."

दुपारी जेवताना बाहेरून ठकठक ऐकू येत होती. दशरथ ब्रशचा दांडा बुटाच्या टाचेवर आपटत होता. थांबायचा, पुन्हा आपटायचा. जवळच हिंदुरावच्या जुन्या बराकीतले दोघे झाडू मारत होते. मी आतूनच ओरडलो, "हळू रे, नाल निघेल."

त्यानंतर आवाज आला नाही.

बुधवारी दुपारी बारा वाजता बातमी आली. गेनबाला पोलिसांनी बिबवेवाडीत त्याच्या मेव्हणीकडे ठेवलं होतं, दाराशी एक शिपाई होता. शिपाई चहाला गेला. गेनबा आणि सोजरबाई समोरच्या गिरणीत दळण टाकायला उतरली. दोन मोटरसायकलींवरून तिघे आले. पहिला घाव म्हाताऱ्याने हातावर घेतला, हात कोपरापासून लोंबला. तो दळणाच्या डब्यावर पडला. मग ते सावकाश तोडत राहिले. एक जण एका हाताने कोयता चालवत होता आणि दुसऱ्या हातात फोन धरून होता. फोनचा आवाज मोठा केला होता. सोजरबाईने तो ऐकला. आतून हिंदुराव सांगत होता, की तोंडाला लावू नका, बायकोला वळख पटली पायजे.

मी लाठी घेतली नाही. हिंदुरावची कोठडी उघडली आणि त्याला केसांना धरून भिंतीवर आपटलं. दोनदा, तीनदा. त्याच्या नाकाचं हाड मोडलं आणि तो रक्तातून हसला. मोडक्या बोटांचा हात त्याने छातीशी धरला होता. मी कांबळं फाडलं, माठ फोडला. काही नाही. शेवटी संडासाच्या भोकात खांद्यापर्यंत हात घातला आणि बोटांना दोरा लागला. दोऱ्याला पिशवी होती. पिशवीत फोन होता, वरचं कवच काढलेला, नुसती आतली सर्किटची पाटी आणि बॅटरी चिकटपट्टीने बांधलेली.

मी तो नाकाशी नेला. एवढ्या घाणीतही मला दोन वास आले. एक चांभारी सोल्यूशनचा. दुसरा काळ्या पॉलिशचा.

"सुभेदार," हिंदुराव म्हणाला, "बूट लई भारी हायेत तुमचे."

मी तिथेच कोठडीच्या दारात बसलो आणि बूट काढले. उजव्या टाचेवर बोटाने वाजवलं. पोकळ. डाव्या टाचेवर वाजवलं. तीही पोकळ. नाल खिळ्यांऐवजी दोन स्क्रूंनी बसवली होती. नखाने फिरवली तशी ती बाजूला सरकली, आणि आत एक खळगा निघाला. एका टाचेत पाटी आली होती, दुसऱ्या टाचेत बॅटरी. मी स्वतःच्या पायांनी, मान ताठ ठेवून, गेनबाचा जीव घ्यायला गेलो होतो.

दशरथ बोळाच्या टोकाला उभा होता. मी अनवाणी धावत गेलो आणि हातातल्या बुटानेच त्याला मारायला सुरुवात केली. तोंडावर, पाठीवर, भाजलेल्या हातावर. त्याने हात आडवा धरला नाही. बद्रीनाथने मागून माझी कंबर धरली तेव्हा मी थांबलो. दशरथच्या ओठातून रक्त येत होतं. त्याने सांगितलं, की हिंदुरावच्या माणसांनी त्याचा हात उकळत्या डाळीत दाबून धरला होता आणि पुढच्या वेळी तोंड दाबू म्हणाले होते. बाहेर तिघांनी कचरूच्याच आरीचं टोक कचरूच्या डोळ्याला लावलं होतं, हे मला पुढे कळलं.

"मला सांगता आलं नाही तुला?" मी म्हणालो.

"ते दोघे शेजारी झाडत होते, साहेब," दशरथ म्हणाला. "म्हणून टाच वाजवून दाखवली. तीनदा वाजवली. तुम्ही म्हणालात, हळू."

मी बद्रीनाथला सांगितलं, की ह्याला दवाखान्यात ने.

तीन वाजता साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नाही, निवृत्तीला आठ महिने राहिलेला. त्यांनी अहवाल तयार ठेवला होता. त्यात लिहिलं होतं, की अज्ञात इसमाने भिंतीवरून फेकलेल्या चेंडूतून फोन आत आला आणि तो कोणत्या कैद्याने वापरला हे निश्चित सांगता येत नाही. साहेब म्हणाले, "रंगनाथ, आपण सही करा. आपण जाणूनबुजून काही केलेलं नाही. खरं लिहाल तर आपली नोकरी जाईल, कदाचित आपणच आत जाल, आणि म्हातारा काही परत येत नाही."

खरं होतं ते. घरी सुशीला, मुलगा शुभंकर नुकताच आयटीत लागलेला, त्याच्या लग्नाचं चाललेलं. मी पेन उचललं. तेवढ्यात बद्रीनाथ दारात आला आणि म्हणाला, की ती बाई आली आहे.

सोजरबाई फाटकाबाहेर त्याच बाकावर बसली होती. लुगड्यावर पीठ होतं आणि रक्त होतं, आणि दोन्हींची मिळून खपली धरली होती. शवविच्छेदन अजून व्हायचं होतं. ती इस्पितळातून चालत आली होती. बूट माझ्या हातात होते, कोठडीपासून ते मी कुठे सोडलेच नव्हते. तिने माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"कुनी नेला फोन आत?"

चेंडू माझ्या जिभेवर आला होता. अगदी टोकावर. मी म्हणालो, "मी नेला. ह्या टाचांतून. मला कळलं नाही." आणि बूट तिच्यासमोर ठेवून तिला खळगे दाखवले.

तिने एका खळग्यात बोट घालून पाहिलं. मग तिने उजवा बूट उचलला, नालेची बाजू माझ्याकडे केली आणि उभी राहिली. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा कानावर बसला आणि टाके उसवले. फाटकातले शिपाई धावले. मी हात वर करून त्यांना थांबवलं. रस्त्यावरून जाणारे लोक उभे राहून बघत होते, बघू दे म्हटलं. ती शिव्या देत नव्हती, रडत नव्हती. धान्य कांडावं तशी मारत होती. मला लागत होतं, आणि त्या अख्ख्या दिवसात ते एकच बरोबर वाटत होतं. हात दमला तेव्हा ती बाकावर बसली. बूट तिच्या मांडीत होता.

"त्येचा आवाज म्या ऐकलाय," ती म्हणाली. "परवा तारखेला मी जानार. पर नुसता आवाज ऐकला म्हनून कोन इस्वास ठेवंल?"

तिचं बरोबर होतं. चेंडू कुणाचाही असू शकतो. फोन हिंदुरावसाठी आला आणि हिंदुरावपाशी पोचला, हे एका गोष्टीनेच सिद्ध होत होतं, आणि ती तिच्या मांडीत होती.

"मी सांगतो कोर्टात," मी म्हणालो. "बूटही देतो."

तिने बूट परत केला.

मी आत गेलो. साहेबांचा अहवाल बाजूला सारला आणि कोऱ्या कागदावर लिहिलं. एक तारीख, कचरू, टाच, चौकट, दशरथचा हात, ब्रशचा आवाज, सगळं. कानातलं रक्त कागदावर पडलं तसं बद्रीनाथने टिपकागद दिला. मग पंच बोलावून बूट पांढऱ्या कापडात बांधले, गाठीवर लाखेचं सील केलं. साहेबांनी माझा पट्टा आणि टोपी ठेवून घेतली. तेवढंच ते करू शकत होते, आणि त्यांनी ते माझ्याकडे न बघता केलं.

पाच वाजता मी घरी जायला निघालो, अनवाणी. फाटकावर बद्रीनाथ होता. मी चौकटीतून बाहेर पडलो. ती वाजली नाही. तरी सवयीने माझ्या तोंडून निघालंच, "नाल."